एक शब्द, चार अर्थ : 'इंटरेस्ट'

इंग्रजी शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांतून नवे राहिलेले नाहीत. मोटार, तिकीट, स्टेशन, डॉक्टर ही मंडळी तर घरचीच झाली. ह्या शब्दांची एक सोय असते. तिकीट म्हटले की तिकीटच, त्याचा दुसरा अर्थ शोधावा लागत नाही. पण काही शब्द असे आहेत की ते ज्या वाक्यात बसतील त्याप्रमाणे त्यांचा अर्थ पालटतो. 'इंटरेस्ट' हा त्यांतलाच एक.

'पोराला अभ्यासात इंटरेस्ट नाही,' असे आपण सहज बोलून जातो. बँकेत गेले की कर्जावरचा इंटरेस्ट किती झाला ते कळते. जमिनीच्या इंग्रजी दस्तात हा शब्द असतो आणि ग्रामपंचायतीच्या कायद्यातही असतो. शब्द एकच, पण जागा चार आणि अर्थही चार. त्यांतले काही अर्थ असे आहेत की ते चुकले तर पैसा, जमीन किंवा पंचायतीतले पद हातचे जाण्याची पाळी येते. म्हणून आज ह्या एकाच शब्दाची नीट ओळख करून घेऊ.

मुळात हा शब्द लॅटिन भाषेतला. 'इंटर' म्हणजे मध्ये आणि 'एसे' म्हणजे असणे. दोहोंच्या मध्ये असणे, आणि त्यावरून 'फरक पडणे', 'महत्त्व असणे' असा त्याचा अर्थ झाला. ज्या गोष्टीने मला फरक पडतो तिच्यात माझा इंटरेस्ट. हे मूळ ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे चारही अर्थ एकाच खोडाच्या फांद्या आहेत हे दिसेल.

पहिला अर्थ व्याज. तो कसा आला ते पाहण्यासारखे आहे. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती धर्मसंस्थेने कर्जावर वाढ घेणे पाप ठरविले होते. अशा वाढीला 'युझरी' म्हणत. मात्र कर्ज वेळेवर परत न आल्यामुळे सावकाराचे जे नुकसान होई, त्याची भरपाई मागणे कायद्याला मान्य होते. पैसे वेळेवर मिळाले असते तर त्याची स्थिती काय असती आणि आता काय आहे, ह्या दोहोंच्या मधले अंतर म्हणजे 'इंटरेस्ट'. पुढे इंग्लंडात आठव्या हेन्री राजाच्या कारकिर्दीत, १५४५ साली, शेकडा १० पर्यंत वाढ घेण्यास कायद्याने मुभा दिली. ती १५५२ साली काढून घेतली आणि १५७१ साली पुन्हा दिली. आज 'इंटरेस्ट' म्हणजे रीतसर व्याज आणि 'युझरी' म्हणजे बेसुमार व्याज, असा भेद इंग्रजीत रूढ आहे. तेव्हा हे दोन शब्द समानार्थी म्हणून एकापुढे एक लिहून चालणार नाही.

आपल्या 'व्याज' शब्दाचीही गंमत आहे. संस्कृतात व्याज म्हणजे निमित्त किंवा कपट. म्हणून निष्कपट प्रेमाला आपण निर्व्याज प्रेम म्हणतो. वर्गात एखादा मुलगा त्याचा अर्थ 'बिनव्याजी प्रेम' असा करील, तर गुरुजींनी त्याला हसू नये. शब्दाचे दोन अर्थ समजावून देण्याची ती नामी संधी आहे.

व्याजाच्या अर्थी हा शब्द आला की त्याच्या मागचेपुढचे शब्द वाचल्याखेरीज सही करू नये. 'सिंपल' म्हणजे सरळ व्याज, 'कंपाउंड' म्हणजे चक्रवाढ. 'पर ॲनम' म्हणजे दरसाल आणि 'पर मंथ' म्हणजे दरमहा. गावात 'शेकडा दोन' म्हणतात ते बहुधा दरमहाचे असते. १०,००० रुपयांवर त्याचे वर्षाचे सरळ व्याज २,४०० रुपये होते. तेच दरमहा चक्रवाढ धरले तर सुमारे २,६८२ रुपये.

आणखी एक जोडी 'फ्लॅट' आणि 'रिड्यूसिंग' ही. समजा, १२,००० रुपये कर्ज दरसाल शेकडा १२ दराने घेतले आणि दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडत गेलो. 'फ्लॅट' दरात वर्षभर पुऱ्या १२,००० वर व्याज धरतात. ते १,४४० रुपये होते. 'रिड्यूसिंग' दरात उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरतात. ते सारे मिळून ७८० रुपये भरते. दर कागदावर दोन्हीकडे १२ च, पण व्याजात जवळजवळ दुपटीचा फरक!

ह्या अडाणीपणाची किंमत आपल्या मुलखाने मोजलेली आहे. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे मे १८७५ मध्ये शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. त्यांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर आणि वह्यांवर होता. ती हस्तगत करून त्यांनी जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, अशी तरतूद त्यात होती. अलीकडे भारतीय रिझर्व्ह बँकेनेही, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ व लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी, कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक केले आहे. तो तक्ता मागून घ्यावा. व्याज आणि इतर आकार मिळून वर्षाला एकंदर किती टक्के पडते, हे त्यात लिहिलेले असते.

दुसरा अर्थ हक्काचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाची व्याख्या आहे. कर्जाच्या तारणासाठी विवक्षित स्थावर मालमत्तेतील 'इंटरेस्ट' दुसऱ्याकडे देणे म्हणजे गहाण. येथे व्याजाचा संबंध नाही आणि आवडीचाही नाही. मालमत्तेतील काही हक्क, एवढाच अर्थ. गहाणात मालकी आपलीच राहते. पण 'ऑल राईट, टायटल अँड इंटरेस्ट' दिले, असे इंग्रजी दस्तात असेल, तर ती भाषा सारा हक्क आणि मालकी सोडून देण्याची आहे. ती खरेदीखतात शोभते. गहाण म्हणून पुढे केलेल्या कागदात ती दिसली, तर लेखणी खाली ठेवावी आणि जाणत्या माणसाला कागद दाखवावा.

तिसरा अर्थ हित किंवा हितसंबंध. 'पब्लिक इंटरेस्ट' म्हणजे जनहित, 'सेल्फ-इंटरेस्ट' म्हणजे स्वार्थ. 'वेल्फेअर', 'बेनिफिट' हे ह्या अर्थाचे जवळचे शब्द. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे, पंचायतीच्या हुकमाने होणाऱ्या कामात किंवा तिच्या कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भाग किंवा 'इंटरेस्ट' असेल, तो पंचायतीचा सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. येथे कोणी 'आवड' असा अर्थ केला तर मोठी पंचाईत! गटाराच्या कामाची ज्याला आवड आहे त्याला घरी बसवायचे, असे होईल. कायद्याला म्हणायचे आहे ते असे की गटार बांधण्याच्या कंत्राटात सदस्याचा लाभ गुंतलेला नसावा. गावाचे हित पाहणाराचे स्वतःचे हित त्याच कामात अडकले, की निर्णय सरळ होत नाही.

चौथा अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यातला, आवडीचा. मराठीत त्याला आवड, गोडी, रस, आस्था, कुतूहल असे कितीतरी शब्द आहेत, पण ते एकमेकांच्या जागी सरसकट बसत नाहीत. कुतूहल उत्तर मिळाले की शमते. गोडी हळूहळू लागते आणि टिकते. आस्थेत कळकळ असते. आजारी शेजाऱ्याची आपण आस्थेने चौकशी करतो, गोडीने नव्हे. इंग्रजीतही 'क्युरिऑसिटी', 'फाँडनेस', 'कन्सर्न' हे तीन शब्द असेच वेगळे आहेत. 'मुलाला गणितात इंटरेस्ट नाही,' असे म्हणण्याऐवजी त्याला कुतूहल नाही, की गोडी लागली नाही, की त्याचे लक्षच नाही, हे गुरुजींनी पाहिले तर उपायही सापडेल. कारण तिन्हींवरचे इलाज निराळे आहेत.

ह्याच शब्दापासून झालेली एक जोडी शिक्षकांनी अवश्य शिकवावी. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला गोडी नाही असा, उदासीन. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्षपाती. बोलण्यात पुष्कळजण घोटाळा करतात, पण काळजीपूर्वक लिहिणारे हा भेद पाळतात. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' असावा, पण 'अनइंटरेस्टेड' नसावा. खटला चालू असता तो डुलक्या घेऊ लागला तर कसे व्हायचे?

मग वाक्यातला नेमका अर्थ ओळखावा कसा? प्रथम शब्दानंतर काय आले ते पाहावे. कर्ज किंवा ठेव ह्यांच्या आधी 'ऑन' आले तर व्याज. 'इन द इंटरेस्ट ऑफ' असे आले तर अमक्याच्या हितासाठी. 'इंटरेस्ट इन' असे आले तर पुढे कोणती वस्तू आहे ते पाहावे. पुढे विषय किंवा छंद असेल तर आवड, जमीन असेल तर हक्क, आणि कंत्राट असेल तर हितसंबंध. हा नियम प्रत्येक वाक्याला पुरेल असे नाही, पण बहुतेक ठिकाणी वाट दाखवील.

शिक्षकांनी फळ्यावर अशी चार वाक्ये लिहून मुलांकडून अर्थ काढून घ्यावेत आणि पुढे घरातल्या पासबुकात, कर्जाच्या कागदात तो शब्द शोधून आणायला सांगावे. मुलगा घरी जाऊन वडिलांना 'आपल्या कर्जाचे व्याज दरसाल की दरमहा?' असे विचारील, तर एका इंग्रजी शब्दाच्या धड्याने घरादाराचे काम केले असे होईल.