साथीच्या बातम्या आणि शिक्षकाचे कर्तव्य



साथीची बातमी आली की खेड्यातील माणूस तिचा अर्थ गुरुजींना विचारतो. म्हणून अशी बातमी कशी वाचावी, याचा येथे थोडा विचार करू.

१९९४ सालचे उदाहरण घ्या. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर मरून पडू लागले व पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरमध्ये सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली. दोन्हींचा जंतू एकच. परंतु प्रसाराचे मार्ग निराळे. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरावरील बाधित पिसवा चावल्याने होतो. फुप्फुसाचा प्लेग रोग्याच्या खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांमुळे, त्याच्या निकट सहवासात असणाऱ्यास होतो.

बातम्यांत मात्र हा भेद ठळकपणे आला नाही. काही पत्रांनी मृतांचा आकडा शेकड्यांत दिला. प्रत्यक्षात देशभरातील नोंदलेले मृत्यू ६० हून कमी होते. मथळ्यात आकडा व गावाचे नाव असे. रोग कोणत्या वाटेने येतो, हे वाचकाने भीतीच्या भरात स्वतःच ठरविले. लाखो लोक सुरत सोडून गेले. निरोगी माणसांनीही टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी दुकानांपुढे गर्दी केली.

मी तेव्हा खानदेशातील एका खेड्यात नवशिक्षक होतो. एका विद्यार्थ्याचे वडील पूर्वी सुरतेस यंत्रमागावर कामाला होते. पालकांच्या आग्रहावरून मी त्या मुलास आठवडाभर ओसरीत बसविले. ते कुटुंब जूनमध्येच, म्हणजे साथीच्या तीन महिने आधी, गावी परतले होते. प्लेगचा जंतू शरीरात शिरल्यापासून साधारणतः आठवड्याच्या आत लक्षणे दिसतात. एवढा हिशेब मी केला असता, तर त्या मुलावर अन्याय झाला नसता.

वृत्तपत्रांना केवळ दोष देणे योग्य नव्हे. बातमीमुळेच लोक सावध होतात व रोगी वेळेवर दवाखान्यात पोहोचतो. मात्र बातमी वर्गात वाचताना पुढील प्रश्न फळ्यावर लिहावेत :

१. रोग कोणत्या मार्गाने पसरतो : पाणी, हवा, स्पर्श की कीटक?
२. आकडा संशयितांचा आहे की तपासणीने सिद्ध झालेल्यांचा?
३. तो कोणी व कोणत्या तारखेस दिला?
४. आपल्या गावात तो मार्ग उघडा आहे काय?

ज्या प्रश्नाचे उत्तर बातमीत नसेल, ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून मागवावे. तोपर्यंत कोणत्याही मुलास वर्गाबाहेर बसवू नये.