श्रवणरोपण झालेले बालक व त्याचे आईबाप

जन्मतः ज्यांना ऐकू येत नाही अशी बालके पुढे बोलत नाहीत, याचे कारण त्यांच्या जिभेत वा कंठात दोष असतो हे नव्हे. बहुतेकांचे वाग्यंत्र निर्दोष असते. भाषा आधी कानाने आत येते व मग मुखाने बाहेर पडते. कानाचे दारच बंद असेल तर मुखापाशी काही पोहोचत नाही. हे दार काही अंशी उघडण्याचे एक साधन वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. त्यास कॉक्लिअर इम्प्लांट किंवा श्रवणरोपण म्हणतात. शासकीय साहाय्यामुळे शेतकरी व मजूर कुटुंबांतील बालकांवरही ही शस्त्रक्रिया होऊ लागली आहे आणि अशी बालके खेड्यातील प्राथमिक शाळेत दाखल होत आहेत. शिक्षकाने यंत्राची माहिती करून घ्यावीच. परंतु त्या बालकाचे आईबाप कोणत्या वाटेने शाळेच्या दारापर्यंत आले हेही त्याने जाणून घेतले पाहिजे. कारण त्या वाटेचा पुढील टप्पा शाळेतच चालावयाचा असतो.

यंत्राचे कार्य

कानाच्या आतील भागात गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची एक नलिका असते. तिच्यातील सूक्ष्म केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे विद्युत्संदेशांत रूपांतर करतात व ते संदेश श्रवणमज्जातंतूमार्गे मेंदूकडे जातात. तीव्र श्रवणदोष असलेल्या बहुतेक बालकांत या पेशीच निकामी असतात. नेहमीचे श्रवणयंत्र आवाज केवळ मोठा करते. पण जेथे आवाज स्वीकारणारे कोणी उरलेले नाही तेथे त्याचा फारसा लाभ होत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट या पेशींना वगळून थेट मज्जातंतूस विद्युत्संदेश देते. त्याचे दोन भाग असतात. कानामागे लावलेला बाह्य भाग आवाज टिपून त्याचे संकेत बनवितो व लोहचुंबकाने डोक्यास चिकटलेल्या चकतीतून ते आत पाठवितो. त्वचेखाली बसविलेला अंतर्भाग ते संकेत घेऊन शंखनलिकेत सरकविलेल्या बारीक तारेपर्यंत पोहोचवितो.

पॅरिसमध्ये जुर्नो व आयरिएस यांनी १९५७ साली श्रवणमज्जातंतूस विद्युत्प्रवाहाने चेतना देण्याचा पहिला प्रयोग केला. ऑस्ट्रेलियातील डॉ. ग्रेम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्न येथे अनेक विद्युतग्रांचे यंत्र एका रुग्णास बसविले. नाजूक तार वेढ्यांतून आत कशी सरकवावी हा प्रश्न त्यांना समुद्रकिनाऱ्यावर उलगडला. टोकाशी लवचीक व बुडाशी ताठ असे गवताचे पाते शंखात सहज शिरते, हे त्यांनी तेथे पाहिले. दोन वर्षांवरील बालकांसाठी या उपचारास अमेरिकेत १९९० साली मान्यता मिळाली.

संशयाचा काळ

आईबापांची कसोटी शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी सुरू होते. ताट पडले तरी पाळण्यातील मूल दचकत नाही, दिवाळीच्या फटाक्यांतही शांत झोपते, हे प्रथम आईच्याच ध्यानी येते. तिने शंका बोलून दाखविताच घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “अगं, याचा काकासुद्धा उशिराच बोलला.” या बोलण्यात माया असते, पण त्यात महिने निघून जातात. शिवाय मूल फसविते. दार आपटल्याची थरथर त्याला अंगाने जाणवते, आईची सावली त्याला दिसते, आणि ते वळून पाहते. मग घर निश्चिंत होते.

पुढे तपासणी होते. झोपलेल्या बालकाच्या डोक्यास तारा लावून, आवाजास मेंदूचा प्रतिसाद येतो किंवा नाही हे ‘बेरा’ चाचणीत पाहतात. दोन्ही कानांत तीव्र दोष असल्याचे कागदावर लिहून मिळते, तेव्हा आईबापांच्या पायांखालची जमीन सरकते. त्याहून दुःखाची गोष्ट अशी की पुष्कळदा दोष आईच्या माथी मारला जातो. ग्रहणात तिने काय केले, काय खाल्ले, याची चौकशी होते. वस्तुतः आनुवंशिकता, गरोदरपणातील रुबेला, नवजात अवस्थेतील तीव्र कावीळ, मेंदूज्वर, अशी बहिरेपणाची कारणे वैद्यकास ज्ञात आहेत. ग्रहणाचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. गावात हे ठामपणे सांगणारा माणूस बहुधा शिक्षकच असतो व त्याने ते सांगितले पाहिजे.

निर्णय व शस्त्रक्रिया

निदानानंतर काही महिने साधे श्रवणयंत्र लावून पाहतात. लाभ न दिसल्यास कानाचे व मज्जातंतूचे चित्रण, मेंदूज्वरापासून रक्षण करणाऱ्या लसी आणि कागदपत्रे यांचा क्रम लागतो. उत्पन्नाचा दाखला, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, आधारपत्र यांसाठी मजुरी बुडवून तालुक्यास व जिल्ह्यास खेपा घालाव्या लागतात. यंत्राचा खर्च काही लाखांचा असतो. केंद्र शासनाच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र बालकांना साहाय्य मिळते व त्या कामी मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था मार्गदर्शन करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) जन्मजात बहिरेपणाचा समावेश असून जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करता येते. मात्र जन्मजात कर्णबधिर बालकास वय जितके कमी तितका लाभ अधिक. म्हणून अशा साहाय्यास वयाची मर्यादा असते. भाषा ग्रहण करण्याची मेंदूची क्षमता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. ती वर्षे गेल्यावर यंत्र आवाज देते, पण त्या आवाजाची भाषा होणे फार कठीण जाते.

शस्त्रक्रियेस साधारणतः दोनतीन तास लागतात. संपूर्ण भूल देऊन कानामागील हाडात जागा करतात व तार आत सरकवितात. धोका अल्प असला तरी डॉक्टर तो आधी समजावून सांगतात: जंतुसंसर्ग होऊ शकतो, चेहऱ्याची नस जवळून जाते, कानात उरलेसुरले ऐकणेही जाऊ शकते. जे मूल हसते, खेळते, ज्यास काही दुखत नाही, त्याच्या डोक्यावर शस्त्र चालविण्यास बापाने अंगठा वा सही द्यावयाची असते. आजारी मुलासाठी सही करणे सोपे असते, निरोगी दिसणाऱ्या मुलासाठी अवघड. दाराशी परिचारिकेच्या हाती मूल देताना आईला “लवकर येशील हं” एवढेही त्याला सांगता येत नाही, कारण त्याला ते ऐकू येणार नसते.

यंत्र सुरू होण्याचा दिवस

शस्त्रक्रियेनंतर जखम भरून येण्यास वेळ द्यावा लागतो. बाह्य भाग सुमारे तीनचार आठवड्यांनी लावतात. तोवर मुलास काहीच ऐकू येत नाही. गावाकडे मात्र “ऑपरेशन फुकट गेले” अशी कुजबुज सुरू होते.

मग यंत्र सुरू करण्याचा दिवस उजाडतो. मूल वळून पाहील, हसेल, कदाचित “आई” म्हणेल, अशी आशा धरून माणसे जातात. प्रत्यक्षात पुष्कळ मुले त्या क्षणी दचकून रडतात, काही चकती ओढून काढतात, तर काही निर्विकार बसून राहतात. यात अपयश नाही. ज्याने आवाज कधी अनुभवला नाही, त्याला आवाज म्हणजे काय हे ठाऊक नसते. यंत्रातील संदेशांचे प्रमाणही हळूहळू, अनेक भेटींत ठरवावे लागते.

येथून खरे काम सुरू होते व ते बहुतांशी आईच्या पदरी पडते. वाक्-उपचारकाकडे ठरल्या दिवशी प्रवास करावा लागतो. उरलेले दिवस घर हीच शाळा. भाकरी थापताना “भाकरी”, पाणी ओतताना “पाणी”, कुत्रा भुंकला की थांबून “ऐकलेस? कुत्रा!” असे तिने शेकडो वेळा म्हणावयाचे, आणि उत्तराची वाट पाहावयाची. कित्येक महिन्यांनी मूल पाठमोरे असताना नावाने हाक मारल्यावर वळते. परक्यास ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. त्या घरी तो सण असतो.

श्रवणाचे वय

शिक्षकाने सर्वांत अधिक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की अशा बालकाची वये दोन असतात. एक जन्मापासूनचे, दुसरे यंत्र सुरू झाल्यापासूनचे. तिसऱ्या वर्षी यंत्र बसलेले मूल सहाव्या वर्षी पहिलीत आले, तर त्याचे श्रवणाचे वय तीनच वर्षांचे असते. तीन वर्षांचे मूल जसे अडखळत, तुटक वाक्यांत बोलते तसे ते बोलेल. त्याची तुलना बाकावरील शेजाऱ्याशी न करता त्याच्या स्वतःच्या मागील वर्षाशी करावी. “एवढा खर्च झाला, अजून बोलत कसा नाही?” असे गाव विचारते तेव्हा आईबापांना उत्तर सुचत नाही. शिक्षकाने हे दोन वयांचे गणित चावडीवर समजावून सांगितले तर त्या कुटुंबावरचे मोठे ओझे उतरेल.

काही मुलांना या उपचाराचा लाभ बेताचाच होतो, काहींना तो करताच येत नाही. अशा मुलांसाठी भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण व समर्थ भाषा आहे. खूण करणाऱ्या मुलाचा हात कधीही दाबून धरू नये.

वर्गात पाळावयाच्या गोष्टी

१. बालकास पुढे, यंत्राची बाजू शिक्षकाकडे येईल असे बसवावे. रस्त्याकडील खिडकी व पंखा यांपासून ते दूर असावे.

२. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. नेहमीच्या आवाजात, स्पष्ट बोलावे. ओरडल्याने शब्द विकृत होतात.

३. “समजले का?” असे विचारू नये, कारण मूल मान डोलावते. “मी काय सांगितले ते सांग,” असे म्हणावे व उत्तरास वेळ द्यावा.

४. रोज सकाळी तोंडापुढे कागद धरून आ, ई, ऊ, म्, स्, श् हे सहा ध्वनी एकेक करून म्हणावेत व मुलाकडून वदवून घ्यावेत. बोलण्यातील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे ध्वनी यांत येतात. कालपर्यंत येणारा ध्वनी आज न आल्यास विद्युतघट, तार व चकती पाहावी आणि त्याच दिवशी पालकांस कळवावे. तार तुटलेले मूल वर्गात बसलेले दिसते, पण ते पुन्हा पूर्ण शांततेत गेलेले असते.

५. यंत्राचा बाह्य भाग भिजू देऊ नये व डोक्यास मार लागेल असे खेळ टाळावेत. मात्र मुलास खेळापासून वंचित ठेवू नये.

६. इतर मुलांस यंत्र एकदा नीट दाखवून समजावून द्यावे. कुतूहल शमले की चेष्टा थांबते. ‘मुका’ वा ‘बहिरा’ ही हाक वर्गात ऐकू येता कामा नये.

७. दाखलपात्र मुलांची नोंद करताना घरातील धाकट्या भावंडांचीही विचारपूस करावी. वर्षाचे मूल हाकेस वळत नसेल तर “मोठे झाल्यावर बोलेल” असे न म्हणता कानाची तपासणी करण्यास सांगावे. त्या वयात वाचविलेला एक महिना पुढील वर्षाइतका मोलाचा असतो.

शल्यचिकित्सकाचे काम काही तासांत संपते. आईबापांचे व शिक्षकाचे अनेक वर्षे चालते. वाटेवर दमलेले हे आईबाप शाळेच्या पायरीशी येतात तेव्हा त्यांना दया नको असते. त्यांच्या मुलाशी रोज बोलणारे आणखी एक माणूस त्यांना हवे असते. ते माणूस होणे प्रत्येक शिक्षकाच्या हाती आहे.