प गेला, ह आला

कर्नाटकातल्या कलघटगीहून सुटणाऱ्या बसच्या पाटीवर कन्नडात 'हुब्बळ्ळी' लिहिलेले असते. आत बसलेला मराठी माणूस मात्र 'एक हुबळी द्या' म्हणतो. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकात १२ शहरांची नावे अधिकृतपणे बदलली, त्यांत हुबळी आणि बेळगावही होते. जिभेची सवय काही सरकारी आदेशाने बदलत नाही!

नावे झिजतात ती वापरातच. इंग्लंडमधल्या यॉर्कचेच बघा. इसवी सन ७१ च्या सुमारास रोमन सैन्याने तिथे तळ ठोकला, त्याचे नाव एबोराकम. पुढे आलेल्या अँग्लो-सॅक्सनांना त्यात आपल्या बोलीतले रानडुक्कर ऐकू आले आणि त्यांनी केले एओफरविक. व्हायकिंगांनी त्याचे योर्विक केले, तेच पुढे झिजून यॉर्क झाले.

आपल्याकडची झीज तर जास्तच गमतीची. जुन्या कन्नडातला शब्दारंभीचा 'प' पुढे 'ह' झाला: दुधाचे 'पालु' ते 'हालु', फुलाचे 'पू' ते 'हू'. खानापूर तालुक्यातली हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका, तीही याच वाटेने आली. हुबळीची फोडही 'हू' अधिक 'बळ्ळी', म्हणजे फुलवेल, अशी सांगतात.

कलघटगीच्या रंगीत लाकडी पाळण्यांवर फुलवेली असतातच, पण तो निव्वळ योगायोग.