दंतमूळ आणि रक्तशर्करा

मधुमेही मनुष्याने रूट कॅनालच्या भानगडीत न पडता दात सरळ काढून टाकावा, असा सल्ला वडीलधारी मंडळी आजही इतक्या सहजपणे देतात, की तो कशाच्या आधारावर दिला जातो याची चौकशी कोणी करीत नाही. वस्तुतः दात काढल्यावर उरणारी जखमही त्याच साखर चढलेल्या रक्ताच्या भरवशावर भरून यावयाची असते. या सल्ल्याने संकट टळत नाही, दात मात्र हातचा जातो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने ज्या भारतात मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर नेऊन ठेवली, तेथे हा गैरसमज फार महाग पडणारा आहे.

दंतमज्जेच्या, म्हणजे दाताच्या आतील मऊ गाभ्याच्या, नाशाचे कारण जंतू होत, हे संशोधक काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली अमेरिकेत सिद्ध केले: निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या उंदरांच्या दाढांतील मज्जा उघडी केली असता तिच्यावर डेंटिनचा नवा थर धरला, आणि सामान्य उंदरांत तीच मज्जा कुजून मुळाच्या टोकाशी गळू झाले. म्हणून रूट कॅनालमध्ये मुळातील नलिका खरवडणे, हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुणे आणि गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने बंद करणे हा सारा बंदोबस्त जंतूंविरुद्ध असतो, व तो दंतवैद्याच्या हातचा आहे. परंतु क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाभोवती जी काळसर छाया दिसते, ती हाड झिजल्याची खूण होय. तेथे पुन्हा हाड धरविणे हे शरीराचेच काम, आणि मधुमेहाचा हस्तक्षेप नेमका याच ठिकाणी होतो. साखर दीर्घकाळ चढलेली राहिली म्हणजे संरक्षक पांढऱ्या पेशी मंदावतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या निकामी होऊ लागतात, शर्करेशी जखडलेली प्रथिने दाह धुमसत ठेवतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींचा जोम ओसरतो. उलटपक्षी दाताचा तीव्र संसर्गही साखर चढवितो.

फौआद आणि बर्लसन या संशोधकांनी 2003 साली रुग्णांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी तपासल्या, तेव्हा उपचारापूर्वीच मुळाशी व्रण असलेल्या मधुमेह्यांत यशाची शक्यता घटलेली आढळली. मज्जा सुजलेली पण हाड शाबूत, अशा अवस्थेतच दंतवैद्याकडे जाण्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे. सेगुरा-एगेया प्रभृतींनी 2016 साली अनेक अभ्यास एकत्र करून, मधुमेह्यांच्या उपचारित दातांशी हाड झिजल्याची काळसर छाया असण्याचा संभव सुमारे दीडपट असल्याचे दाखविले. तथापि एकदाच घेतलेल्या चित्रावरून ती छाया भरत चालली आहे की वाढते आहे, हे ठरत नाही, याचे भान सुटता कामा नये.

म्हणून मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची साक्ष देणारी एचबीएवनसी तपासणी दंतवैद्याने मागावी, व रुग्णानेही मधुमेहाची हकीकत लपवू नये. सकाळची वेळ घ्यावी, न्याहारी व नेहमीचे औषध चुकवू नये, आणि पक्के भरण वा कॅप बसविण्यात दिरंगाई करू नये. दुखणे थांबले की रुग्ण फिरकत नाही, ही खरी अडचण आहे. उपचारानंतर वर्षाने क्ष-किरण चित्र काढावे. छाया आकसत असेल तर चार वर्षांपर्यंत वाट पाहण्याची जी मुभा युरोपातील दंतमूळतज्ज्ञांच्या संघटनेने दिली आहे, ती मधुमेही रुग्णाच्या बाबतीत पुरतेपणी वापरावी, आणि तोवर त्या दाताला चिमटा लावू नये.