बादलीत बुडालेला नंबर

नागझिऱ्याला जाऊन आलेल्या माणसाने वाघावर लिहावे, निदान रानगव्यावर तरी लिहावे, असा आपल्याकडे संकेत आहे. मी मात्र लिहिणार आहे ते करंगळीच्या नखाएवढ्या एका पट्टीवर. वाचकांनी रागावू नये. वाघ आम्हाला दिसलाच नाही.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही तिघे निघालो : मी, आमची सौभाग्यवती आणि माझा भाचा. नागपूरहून भंडारा, साकोली आणि तिथून आत वळून पिटेझरी. नागझिरा अभयारण्य झाले १९७० साली, आणि २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. पिटेझरी हे त्याचे एक दार. गावाच्या पलीकडे ऐन, बिजा, तेंदू आणि मोहा यांची दाटी सुरू होते, आणि अलीकडे, बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत, टेलिफोनची हद्द संपते.

घरी नागपुरात आई एकटी होती. वय चौऱ्याऐंशी. आम्ही कुठेही गेलो की रात्री आठच्या ठोक्याला तिचा फोन यायचा, आणि तोही माझ्या नव्हे, सुनेच्या नंबरावर. माझा नंबर आजवर दोनदा बदलला. हिचा वीस वर्षे तोच असल्यामुळे आईला तो तोंडपाठ. हा आठचा फोन म्हणजे नुसती हौस नव्हे. आदल्या वर्षी एका रात्री तो लागला नाही, तेव्हा ती अंधारात जिना उतरून शेजाऱ्यांकडे निघाली आणि तिसऱ्या पायरीवरून घसरली. दोन महिने खाटेवर होती.

आणि त्या संध्याकाळी सहाच्या सुमारास हिचा फोन आंघोळीच्या कढत पाण्याच्या बादलीत पडला.

फोन बाहेर काढला, पुसला, तांदळाच्या डब्यात पुरला. (तांदळाचा उपयोग होत नाही असे भाचा म्हणाला. पण अशा वेळी माणसाला काहीतरी करावेसे वाटते.) मी म्हटले, "त्यातले सिमकार्ड काढ आणि माझ्या फोनात घाल. मिटले!" त्यावर भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, मामीच्या फोनात सिमकार्ड नाही. ई-सिम आहे. ते काढता येत नाही."

इथे थोडे मागे जायला हवे. १९९१ साली म्युनिकच्या एका कंपनीने फिनलंडमधल्या टेलिफोन कंपनीसाठी पहिली सिमकार्डे बनवली, तेव्हा ती आजच्या बँकेच्या कार्डाएवढी होती. पुढे भोवतीचे प्लास्टिक कातरत कातरत ती नखावर आली. पण आकार कितीही घटला तरी एक गुण कायम राहिला : तुमचा नंबर ही तुमच्या हातातली वस्तू होती. फोन बिघडला की पट्टी काढा, शेजाऱ्याच्या फोनात घाला, बोला. नंतर अभियंत्यांना वाटले की पट्टी तरी कशाला? चिप फोनातच कायमची बसवावी आणि नंबर हवेतून तिच्यात उतरवावा. सर्वसाधारण ग्राहकांसाठी याचे जागतिक नियम २०१६ च्या सुमारास ठरले. २०१७ मध्ये असा पहिला फोन बाजारात आला, आणि २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनांत पट्टी घालायची खाचच ठेवली नाही. सोय खरीच मोठी आहे. दुकानात न जाता कंपनी बदलता येते, एका चिपेत अनेक नंबर साठवता येतात. फक्त फोन बादलीत पडला की नंबरही बादलीत पडतो.

पावणेआठ झाले. माझ्या फोनात आईचा नंबर होता, पण माझ्या कंपनीचे जाळे तिथे नव्हते. भाच्याच्या कचेरीने दिलेल्या नंबराचीही तीच गत. आमचा वाटाड्या म्हणाला, "साहेब, तुमच्या कंपनीचा टावर इथं नाही भेटत. माझ्या कंपनीचा भेटते, पण वर मोहाखाली जा लागते." आम्ही चढावरच्या त्या मोहाखाली गेलो आणि त्याच्या बटणांच्या फोनावरून आईला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. आई उचलेना. उचलणार कशी? अनोळखी नंबर उचलायचा नाही, हल्ली पोलीस असल्याची बतावणी करून म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात, असे तिला बजावून बजावून सांगणारा मीच! शेजाऱ्यांना लावला, तर ते लग्नाला अमरावतीला गेलेले.

भाच्याने आपला फोन काढला आणि सुईने खाच उघडून आतली पट्टी मला दाखवली. दिसायला अगदी साधे सिमकार्ड. पण ते साधे नव्हते. ती होती काढता येणारी ई-सिम. म्हणजे जी चिप नव्या फोनांच्या पोटात कायमची डकवलेली असते, तीच साध्या पट्टीवर बसवलेली. ज्या जुन्या फोनांना ई-सिमची सोय नाही त्यांच्यासाठी ही युक्ती. भाच्याचा फोन तसाच जुना. त्याच्या पट्टीत दोन नंबर साठवलेले होते : एक कचेरीचा, दुसरा त्याचा नागपूरचा जुना. एका वेळी एकच जागा असतो, दुसरा झोपलेला. आणि तो जुना नंबर वाटाड्याच्याच कंपनीचा निघाला.

"पण इथे इंटरनेट कुठे आहे?" मी विचारले.

"नंबर पट्टीत उतरवायला इंटरनेट लागते. आत असलेल्यांपैकी एकाला झोपवून दुसऱ्याला उठवायला नाही."

त्याने पट्टी परत बसवली, पडद्यावर दोन ठिकाणी बोट टेकवले. रेघा गेल्या. मिनिटभराने दोन रेघा आल्या. आठ वाजून सहा मिनिटे झाली होती. आईच्या फोनवर नातवाचे नाव आणि फोटो उमटला असणार, कारण पहिल्याच घंटेला आवाज आला : "अरे, तुझी मामी फोन का उचलत नाही? मी चप्पल घालत होते."

त्या रात्री शेकोटीपाशी मी भाच्याला खोदून खोदून विचारले. इतकी गुणी पट्टी आहे तर घरोघर का दिसत नाही? उत्तर ऐकून मला आमच्याकडच्या सोयरिकी आठवल्या. फोन, पट्टी आणि कंपनी या तिघांचे जमले पाहिजे. पट्टी जवळजवळ कोणत्याही फोनात साध्या सिमसारखी चालते. वाटाड्याच्या बटणांच्या फोनात त्याने ती घालून दाखवली, तर तिथेही रेघा आल्या. मात्र कंपनीचे जाळे केवळ ४जीचे असते आणि फोन जुन्या २जीचा, तर पट्टी निर्दोष असूनही फोन मुकाच राहिला असता. पट्टीत नवा नंबर उतरवणे ही निराळीच गोष्ट. त्यासाठी फोनातल्या अॅपला पट्टीशी बोलण्याची मुभा लागते. काही अँड्रॉइड फोन ती देतात, काही देत नाहीत. आयफोन देत नाही. पण दुसऱ्या फोनात नंबर उतरवून पट्टी आयफोनात घातली तर तो तिला निमूटपणे स्वीकारतो. काही पट्ट्यांबरोबर संगणकाला जोडायचे वाचक यंत्र मिळते, तो मार्ग भाच्याला सर्वांत खात्रीचा वाटतो. एक खबरदारी त्याने दोनदा सांगितली : पट्टीतला नंबर पुसला की कंपनीने दिलेला चौकोनी ठिपक्यांचा संकेत, म्हणजे क्यूआर कोड, बहुधा दुसऱ्यांदा चालत नाही. नवा मागावा लागतो.

राहिली कंपनी. तिचा अनुभव दुसऱ्या दिवशी आला. पहाटेच्या फेरीत सांबरे आणि रानकुत्र्यांची टोळी पाहून आम्ही साकोलीला गेलो, हिचा नंबर सोडवायला. भाच्याजवळ एक कोरी पट्टी होती. तिच्यात मामीचा नंबर उतरवून ती माझ्या फोनातल्या दुसऱ्या खाचेत घालायची, असा त्याचा बेत. मी म्हटले, त्यापेक्षा साधे सिम काय वाईट? तर म्हणे, पुढे परदेशी जाल तेव्हा तिथला नंबरही हिच्यातच मावेल. आम्ही साकोलीपलीकडे क्वचितच जातो, पण भाच्याचा उत्साह मोडवेना.

दुकानातल्या मुलाने हिचे आधार कार्ड पाहिले, फोटो काढला, पट्टीचा ३२ आकडी क्रमांक टिपून घेतला. तो संगणकाने मान्य केला. मग माझ्या फोनाचा १५ आकडी क्रमांक मागितला. तो घालताच पडद्यावर लाल अक्षरे : या फोनाला ई-सिमची सोय नाही.

"सोय फोनात नाही, पट्टीत आहे," भाचा म्हणाला.

"बरोबर आहे दादा. पण मशीन नाही म्हणते."

पाऊण तास वाद चालला. काही कंपन्या फोनाचा क्रमांक न विचारता संकेत सरळ ई-मेलने पाठवतात, तिथे ही पट्टी बिनबोभाट चालते. ही कंपनी त्यांतली नव्हती. तिची बाजू अगदीच चूक नसेलही. आजकाल दुसऱ्याचा नंबर पळवून बँकेतले पैसे काढणारे कमी नाहीत, तेव्हा चार प्रश्न जास्त विचारलेले बरे. पण ज्या चिपेला त्यांच्याच संगणकाने हो म्हटले, तिला केवळ घर जुने म्हणून बाहेर उभे ठेवणे मला काही पटले नाही. जावई पसंत, पण त्याच्या वाड्याला रंग नाही, तसे हे.

शेवटी ही म्हणाली, "भाऊ, ते साधे सिम द्या ना." त्याने खणातून एक पाकीट काढले. तासाभरात माझ्या फोनाच्या दुसऱ्या खाचेत हिचा नंबर जागा झाला. लघुसंदेश मात्र पुढचे २४ तास बंद. सिम बदलले की फसवणूक टाळण्यासाठी तसा नियमच आहे. त्यामुळे बँकेचा ओटीपी येईना आणि हिची पुण्याची भाऊबीज एक दिवस उशिरा पोचली. ती तशीही पंधरा दिवस उशिरा निघाली होती.

रात्री आठला आम्ही मुक्कामाला साकोलीतच थांबलो होतो. पिटेझरीला हिची कंपनी नाही. फोन वाजला. हिने उचलला.

"काल काय झाले होते ग?" आई म्हणाली.

"बादलीत पडला होता."

"कोण?" आईने घाबरून विचारले.