कोशातला किडा कुत्र्याला घालावा का?

गेल्या पावसाळ्यात मोहाडी तालुक्यातील एक बाई खोकल्यासाठी माझ्या दवाखान्यात आल्या. वय पन्नाशीच्या पुढचे. घरात टसरचा धागा काढण्याचे काम सासूच्या काळापासून चालत आलेले. छाती तपासून झाली, औषध लिहून झाले, तेव्हा त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत धागा काढल्यावर उरलेले, उन्हात वाळवलेले तपकिरी किडे होते. "डॉक्टरसाहेब, नातवाच्या कुत्र्याले हे चारू का? मटन त परवडत नाही."

मी माणसांचा डॉक्टर. आधी हसू आले. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता, आणि पुडी पाहून मला त्यांच्या खोकल्याचाही नव्याने विचार करावा लागला.

आपल्याकडचे कुत्रे मुख्यतः भातावर वाढते. तांदळात प्रथिने सुमारे ७ टक्के. मोठ्या कुत्र्याच्या आहारात, पाण्याचा अंश वगळून, किमान १८ टक्के प्रथिने असावीत असे अमेरिकेतील प्रमाण आहे. पिल्लाला त्याहून जास्त, सुमारे २२ टक्के. म्हणजे नुसत्या भाताने ही भूक भागत नाही. मटण महाग म्हणून दुसरे काहीतरी शोधणे भागच आहे. युरोपात तर माशीच्या अळ्या वाळवून केलेले कुत्र्यांचे खाद्य दुकानात विकले जाते, आणि आसामात एरी रेशमाचे किडे माणसे आवडीने खातात. तेव्हा बाईंच्या पुडीत ओंगळ असे काही नव्हते.

रेशमाच्या वाळलेल्या किड्यात प्रथिने साधारण ५० ते ६० टक्के आणि चरबी २५ ते ३० टक्के भरते. ही मोजणी तुतीवरच्या किड्यांवर जास्त झाली आहे. आपला ऐन-अर्जुनावरचा टसर त्याच्या जवळपासचा. आकडा मटणालाही लाजवील असा आहे. पण वाचकहो, प्रथिनांचा आकडा कसा काढतात ते जरा समजून घ्या. प्रयोगशाळेत प्रथिने मोजत नाहीत, त्यातला नत्र म्हणजे नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. किड्याच्या कवचात कायटिन नावाचा पदार्थ असतो. त्यातही नत्र आहे, पण त्याचे पोषण कुत्र्याला फारसे मिळत नाही. म्हणून काही किड्यांच्या अळ्यांसाठी संशोधकांनी ६.२५ ऐवजी ४.७६ ने गुणावे असे सुचवले आहे. तसे केले तर ५५ चे ४२ होतात. तरीही वाईट नाही!

ही नुसती हिशेबाची गोष्ट नव्हे. २००७ साली अमेरिकेत अनेक कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. चीनहून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलामाईन मिसळले होते. प्लास्टिकच्या बशा बनवतात तेच ते. त्यात नत्र भरपूर, त्यामुळे प्रथिनांचा आकडा फुगला. पुढच्याच वर्षी तीच भेसळ चीनमध्ये बाळांच्या दुधात निघाली आणि सुमारे ३ लाख मुले आजारी पडली. डब्यावरच्या टक्क्यांकडे मी तेव्हापासून जरा संशयानेच पाहतो.

मी बाईंना विचारले, "मावशी, कोसा उकळताना सोडा टाकता ना?" "टाकतोच, त्याशिवाय धागा सुटत नाही." मग किडे दोन-तीन पाणी बदलून धुवायला हवेत. दुसरे, एवढी चरबी असलेली वस्तू पावसाळ्यात लवकर खवट होते. पुडीतून तसा वास येतच होता. तिसरी भीती बुरशीची. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे काविळीने दगावली. त्याच गावांतील कुत्र्यांचीही पोटे पाण्याने फुगली होती. ओलसर पोत्यातला किडा, पेंड किंवा सुकट, पांढरी-हिरवी झाक दिसली की फेकावी. धुऊन चालत नाही.

किड्यापेक्षा मला जास्त भीती वाटते ती खाटकाकडून फुकट मिळणाऱ्या कच्च्या फुप्फुसाची आणि कलेजीची. त्यात कधी कधी पाण्याच्या फोडासारख्या गाठी असतात. त्या कुत्र्याच्या पोटात गेल्या की काही मिलिमीटर लांबीचे जंत होतात, त्यांची अंडी विष्ठेतून केसांना लागतात आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या तोंडात जातात. वर्षानुवर्षे काही कळत नाही. माझ्या एका रुग्णाच्या यकृतात अशी हायडॅटिडची नारळाएवढी गाठ निघाली आणि शस्त्रक्रियेसाठी नागपूर गाठावे लागले. लहानपणी घरी दोन कुत्री होती, एवढेच त्यांना आठवत होते. असे मांस अर्धा तास उकळले की धोका संपतो. आपल्या तलावांतल्या मासळीची डोकी-आतडीही कच्ची घालू नयेत. रोहू-कटल्याच्या कुळातल्या बऱ्याच कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारा पदार्थ असतो, तो शिजवल्यावर जातो. शिजवलेले अंडे मात्र बिनधास्त द्या. एका अंड्यात ६ ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात.

तर बाईंना सांगितले की ती पुडी टाकून द्या. पुढचे किडे ताजे असतानाच धुवा, उकळा, कडक उन्हात वाळवा आणि भातात आधी चिमूटभर, मग अर्धी मूठ घाला. जुलाब झाले तर थांबवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. "आणि कांडता कुठे?" "घरातच, उखळात."

इथे खोकल्याचा धागा हाती लागला. रेशमाच्या कामातल्या धुळीने दमा होतो हे जुने ज्ञान आहे, आणि वाळलेल्या किड्यांची पूड म्हणजे तीच धूळ आणखी बारीक. झिंग्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर अशा पुडीपासून लांबच राहावे. कुत्र्याला पूड लागत नाही, उकडलेला किडा हाताने चुरडला तरी पुरतो.

महिन्याने त्या पुन्हा आल्या. कुत्र्याने दोन दिवस नाक मुरडले, मग खाऊ लागले. उखळ बंद केल्यावर खोकला निम्मा झाला, पण कोसा हाती घेतला की छाती अजून भरते. काम सोडा असे मी म्हणू शकत नाही. तोंडाला ओला पदर बांधून अंगणात बसतात, आणि श्वासाच्या तपासणीसाठी मी त्यांना भंडाऱ्याला पाठवले आहे.