'आमची कुठेही शाखा नाही': नाशिकच्या जुन्या दुकानदारांना ही ओळ का छापावी लागायची?

नाशिकरोड स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याने फोनवर 'नाशिकचा चिवडा' असं शोधलं, की नकाशावर लाल टिपक्यांची रांग उभी राहते. दोन दुकानांच्या नावांत एखाद्या अक्षराचाच फरक. कुठे आडनाव तेच, फक्त पुढे 'ओरिजिनल', 'जुने' किंवा 'सुप्रसिद्ध' जोडलेलं. यातलं नातेवाइकांनी सांगितलेलं दुकान नेमकं कोणतं, हे रेटिंगच्या चांदण्या सांगत नाहीत.

सत्तर वर्षांपूर्वीही गिऱ्हाईक याच पेचात होतं. तेव्हा दुकानदार पुड्यावर, पाटीवर आणि पेपरातल्या चौकटीत एक ओळ छापायचे: 'आमची कुठेही शाखा नाही.' सोबत कधी 'नावातील साम्य पाहून फसू नये' अशी जोड असे. आज ती ओळ मीममध्ये पुणेरी तिरकसपणाचा नमुना म्हणून फिरते. प्रत्यक्षात ती महाराष्ट्रभर छापली जायची आणि तिच्यामागे तिरकसपणापेक्षा नाइलाज जास्त होता. नाव वाचवायला छोट्या दुकानदाराकडे दुसरं फारसं काही नव्हतं.

जाहिरात करायची, ती कोणासाठी?

१९५१ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या लाखाच्या आसपास होती. आज ती १५ लाखांच्या पुढे आहे. तेव्हाचा बाजार म्हणजे मेन रोड, रविवार कारंजा, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार, भद्रकाली आणि नदीपलीकडची पंचवटी. हे सगळं पायी फिरता येईल एवढं. गावातल्या गिऱ्हाइकाला जाहिरातीची गरज नव्हती. कोणाचा चिवडा ताजा, कोणाचं माप चोख आणि कोणाच्या तपेल्याचा पत्रा जाड, हे त्याला घरूनच माहीत असायचं.

जाहिरात लागायची ती बाहेरच्यांसाठी. रामकुंडावर स्नान, काळारामाचं दर्शन आणि त्र्यंबकेश्वर करून परतणारा यात्रेकरू घरी काहीतरी घेऊन जायचा. बहुतेकदा चिवडा, ऐपत असेल तर तांब्या-पितळेचं भांडं. १९५६ मध्ये सिंहस्थ होता, म्हणजे बारा वर्षांतून एकदा येणारी गर्दी. असा माणूस पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. पण शेजारीपाजारी कोणी नाशिकला निघालं, की तो आठवणीने सांगतो, 'अमक्याच्याच दुकानातून आण.' हा निरोप चुकीच्या दुकानात जाऊ नये, एवढंच त्या जाहिरातीचं मुख्य काम होतं.

त्या जाहिरातींची भाषा बघितली की हे लक्षात येतं. मालाचं वर्णन दोन शब्दांत उरकलेलं असतं आणि पत्ता मात्र चार ओळींचा. अमक्या मंदिरासमोर, तमक्या बोळाच्या तोंडाशी, पायऱ्या चढून उजव्या हाताला. खाली 'प्रो.' लिहून मालकाचं पूर्ण नाव. 'आमचे येथे' ने सुरुवात आणि 'एक वेळ अवश्य भेट द्या' ने शेवट. सवलत, सेल, एकावर एक मोफत यातलं काही नाही. भांड्यांच्या दुकानाची एक खास ओळ असे, 'नाव घालून मिळेल'. लग्नात द्यायच्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरली जायची. दुकानदाराचं स्वतःचं नाव त्यावर बहुधा नसायचंच.

पडदा, भिंत आणि पुडा

नाशिकचं जाहिरातीशी नातं तसं जुनं आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला आणि त्याच वर्षी ते मुंबईहून नाशिकला येऊन चित्रपट काढू लागले. सुरतमध्ये या चित्रपटाला गर्दी होईना. त्याच पैशात लोकांना रात्रभराचं नाटक बघायला मिळत होतं. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, ती ५७ हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीच्या चित्राचा खेळ फक्त तीन आण्यांत, अशी. गिऱ्हाइकाला वजनमापाचा हिशेब कळतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

पुढे सिनेमाचा पडदाच छोट्या दुकानदाराची पाटी झाला. १९०९ मध्ये ज्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेही नंतर सिनेमागृह झालं. गावोगावच्या अशा थिएटरांत मध्यंतराला काचेच्या स्लाइड दाखवल्या जायच्या. हाताच्या पंजात मावेल एवढी चौकोनी काच, तिच्यावर रंगवलेलं किंवा फोटोने उतरवलेलं दुकानाचं नाव, एखादं चित्र आणि पत्ता. ऑपरेटर एकेक काच प्रोजेक्टरमध्ये सरकवायचा. शिंपी, सराफ, चष्म्याचं दुकान, सायकलवाला, चहाचा व्यापारी असे सगळे काही क्षणांसाठी नट-नट्यांएवढे मोठे व्हायचे. १९५१ मध्ये देशाची साक्षरता जेमतेम १८ टक्के होती, त्यामुळे चित्राचं महत्त्व अक्षरांपेक्षा कमी नव्हतं. वाचता येणारे शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवत, हा वाढीव फायदा.

भिंती पेंटरच्या ताब्यात होत्या. चुन्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर निळी-लाल अक्षरं आणि कोपऱ्यात बारीक 'पेंटर अमुक'. दुसऱ्याच्या जाहिरातीत फुकट स्वतःची जाहिरात करून घेणारा तो एकटाच. याशिवाय हँडबिलं, दादासाहेब पोतनीसांनी सुरू केलेल्या 'गांवकरी'सारख्या स्थानिक वृत्तपत्रातल्या चौकटी, गणेश मंडळांच्या स्मरणिका आणि दिवाळीत वाटायची देवादिकांची कॅलेंडरं होतीच. रेडिओ या दुकानदारांच्या हिशेबातच नव्हता. आकाशवाणीच्या विविध भारतीवर जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ ला सुरू झाल्या, त्याही आधी मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर.

सगळ्यांत स्वस्त माध्यम होतं पुडा. चिवड्याच्या कागदी पिशवीवर फेटेवाल्या संस्थापकाचा लंबगोलातला फोटो असायचा. सिन्नरसारख्या विडीच्या गावांत विडीच्या बंडलांवरही असेच फोटो आणि आकडे छापलेली लेबलं दिसत. मालाआधी मालकाचा चेहरा दाखवायची ही पद्धत आजच्या डोळ्यांना गंमतशीर वाटते. पण त्या फोटोचा कायद्याशी थेट संबंध होता.

नाव का नोंदवता येत नव्हतं?

भारतात ट्रेडमार्कचा पहिला कायदा १९४० चा. त्याची जागा १९५८ च्या कायद्याने घेतली आणि तो २५ नोव्हेंबर १९५९ पासून लागू झाला. या कायद्यांत एक अट होती. गावाचं नाव, आडनाव, व्यक्तीचं नाव किंवा मालाचं थेट वर्णन करणारा शब्द सहजासहजी नोंदवता येत नसे. हे नाव ऐकलं की लोकांना आपलंच दुकान आठवतं, असा पुरावा द्यावा लागायचा.

आता जुन्या दुकानाचं नाव या चाळणीतून काढून बघा. 'नाशिक' हे गाव, म्हणून बाद. 'अमुकराव' हे माणसाचं नाव, बाद. त्यांचं आडनाव, तेही बाद. 'चिवडा' तर मालाचंच नाव, त्यावर कोणाची मालकी असणार? दुकानदाराची सगळी पुण्याई ज्या तीन-चार शब्दांत होती, नेमके तेच शब्द कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक होते. फोटो, चौकट आणि अक्षरांची वेलबुट्टी असलेलं आख्खं लेबल मात्र चिन्ह म्हणून नोंदवता यायचं. फेटेवाल्या आजोबांच्या फोटोमागे कौतुक तर होतंच, पण नावाला नसलेलं संरक्षण चेहऱ्याला मिळू शकत होतं.

हेही फक्त माल विकणाऱ्यांसाठी. खाणावळ, शिंपी, लाँड्री, सलून यांचा व्यवसाय म्हणजे सेवा आणि सेवांची नावं नोंदवण्याची सोयच भारतात नव्हती. ती १९९९ च्या कायद्याने आली आणि १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाली. त्याआधी मिसळीच्या हॉटेलाचं नाव शेजारच्या गल्लीत कोणी लावलं, तर नोंदणीचा कागद दाखवता येत नव्हता.

नोंदणी नसली तरी, आपला माल त्यांचा म्हणून खपवतो आहे, असा दावा करता यायचा. ती वाट आजही आहे. पण त्यासाठी नावलौकिक, लोकांची दिशाभूल आणि झालेलं नुकसान हे तिन्ही कोर्टात दाखवावं लागतं. रोजच्या गल्ल्यावर चालणाऱ्या दुकानाने त्यासाठी वकील कुठून लावायचा? त्यापेक्षा पुड्यावर एक ओळ जास्त छापणं परवडत होतं.

अमेरिकेतल्या त्याच काळातल्या छोट्या गावांतले दुकानदारही स्लाइड, कॅलेंडर, काडेपेटीची पाकिटं आणि शाळेच्या स्मरणिका यांवरच जाहिराती करायचे. फरक टेलिफोनचा. तिथल्या 'यलो पेजेस'मध्ये नावं अकारविल्हे छापली जात. आपलं नाव यादीत सर्वांत वर यावं म्हणून प्लंबर आणि कुलूपवाले दुकानाच्या नावाआधी 'ए', 'ए-वन' असली अक्षरं जोडत. त्यांना यादीत वर यायचं होतं, आपल्याकडच्यांना दुसऱ्यापासून वेगळं राहायचं होतं. आता फोनवरच्या शोधात दोन्ही गोष्टी एकदमच कराव्या लागतात.

सख्ख्या भावाचं दुकान नकली म्हणायचं का?

दोन दुकानांचं नाव सारखं असलं की एक खरं आणि दुसरं चोर, असं गिऱ्हाइकाला वाटतं. जुन्या बाजारात प्रकरण एवढं सरळ नसतं. वडिलांनी नाव कमावलं, मुलांच्या वाटण्या झाल्या. एकाला गाळा मिळाला, दुसऱ्याला कढया. आडनाव दोघांचं, कृती दोघांना येते आणि वडिलांचा फोटो दोघांच्याही भिंतीवर. अशा वेळी 'शाखा नाही' ही ओळ परक्यांपेक्षा घरातल्यांनाच उद्देशून असे.

कायदाही इथे हात आखडता घेतो. १९९९ च्या कायद्याचं कलम ३५ सांगतं, की प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरून धंदा करणाऱ्याला नोंदणीधारक अडवू शकत नाही. जुन्या कायद्यातही अशी तरतूद होती. सगळा वाद 'प्रामाणिकपणे' या शब्दावर येऊन थांबतो. स्वतःचं आडनाव लावलं, इथपर्यंत ठीक. पण पाटीचा रंग, अक्षरांचं वळण, फोटोची चौकट सगळंच समोरच्यासारखं केलं, तर तो प्रामाणिकपणा कोर्टाला पटवणं अवघड जातं.

आज काय करता येतं?

वैयक्तिक मालक किंवा लघुउद्योगासाठी ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एका वर्गाला ४,५०० रुपयांत होतो. चिवड्यासारखे पदार्थ वर्ग ३० मध्ये, उपाहारगृह वर्ग ४३ मध्ये आणि घरगुती भांडी वर्ग २१ मध्ये येतात. म्हणजे चिवडा विकणाऱ्या आणि आत मिसळही देणाऱ्या दुकानाला दोन वर्गांचे ९,००० रुपये. नोंदणी दहा वर्षं टिकते आणि नूतनीकरण करता येतं. अर्ज स्वीकारला गेला की तो जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि हरकतीसाठी चार महिने मिळतात. आपल्या नावाचा अर्ज दुसऱ्याच कोणी केला असेल, तर तो अडवण्याची ही वेळ. जुने दुकानदार बहुधा इथेच चुकतात, कारण ते जर्नल बघत नाहीत.

फोनवरच्या नकाशाचा बंदोबस्त वेगळा. तिथली दुकानाची नोंद मालकाने पडताळणी करून स्वतःच्या ताब्यात घ्यावी लागते. ती बेवारस राहिली, तर पत्ता किंवा फोन नंबर बदलण्याची सूचना कोणीही पाठवू शकतो. चुकीच्या नंबरवर गिऱ्हाइकाने आगाऊ पैसे भरले, तर बोलणी मूळ दुकानाला बसतात. पैसे गेलेच, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. पुढचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि येणाऱ्यांपैकी बहुतेक जण दुकान फोनवरच शोधतील.

या सगळ्यात जुन्या जाहिरातींचा एक अनपेक्षित उपयोग आहे. कलम ३४ नुसार, नोंदणी कोणाचीही असली तरी आधीपासून सलग नाव वापरणाऱ्याचा हक्क टिकतो. नाव कधीपासून वापरात आहे हे अर्जात लिहावं लागतं आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्रासोबत कागद जोडावे लागतात. तारीख असलेलं बिल, वृत्तपत्रातलं कात्रण, स्मरणिकेचं पान हे सगळं चालतं. हौसेने केलेल्या सिनेमाच्या स्लाइडवर बहुधा तारीख नसते आणि रंगवलेल्या भिंती तर केव्हाच पडल्या. माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या जुन्या कॅलेंडरवर मात्र देवाच्या चित्राखाली दुकानाचं नाव, पत्ता आणि साल हे तिन्ही छापलेलं असतं.